एकल गायन, समूहगायन आणि विद्यापीठाची पदवी

आपल्या विहारांत गाणाऱ्यांची वाण नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कोणत्याही वस्तीत जावे, एक पेटी, एक ढोलक आणि चार चांगले गळे हमखास सापडतात. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्षावासातील ग्रंथपठणाची समाप्ती, सगळीकडे गीत असतेच. परंतु या गाणाऱ्या मुलामुलींपैकी बारावीनंतर संगीत हा विषय घेऊन पदवीला कोण गेले, असे विचारले की सभा शांत होते. पालकांना वाटते, गाणे शिकून पोट भरत नाही. मुलांना वाटते, गाणे तर येतेच आहे, त्यात तीन वर्षे शिकायचे काय? पालकांच्या शंकेचा विचार आम्ही लेखाच्या शेवटी केला आहे. मुलांच्या शंकेला उत्तर द्यायचे तर विद्यापीठात एकट्याने गाणे-वाजविणे आणि समूहात गाणे-वाजविणे या दोन गोष्टी कशा शिकविल्या जातात हे नीट पाहिले पाहिजे.

त्याआधी एका आक्षेपाचा निकाल लावू. अष्टशीलातील सातवे शील नृत्य, गीत व वादनापासून विरत राहण्याचे आहे, मग उपासकाने संगीत शिकावे काय, असे काही ज्येष्ठ मंडळी विचारतात. हे शील उपोसथाच्या दिवशी अष्टशील ग्रहण करणाऱ्या उपासकासाठी आणि भिक्खू-श्रामणेरांसाठी आहे. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात ते नाही. अंगुत्तर निकायात धम्मपाठ लांबलचक गाण्याच्या सुरात म्हणण्याचे दोष सांगितले आहेत हे खरे, कारण म्हणणाराही आवाजात गुंततो आणि ऐकणाराही. ती सूचना सुत्तपठणाविषयी आहे, संगीताच्या अभ्यासाविषयी नाही. उलट दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणेवर गातो, तेव्हा भगवान बुद्ध त्याच्या वादनाचे कौतुक करतात, आणि ते कौतुक जाणकाराचे आहे. तारांचा स्वर गीताच्या स्वराशी जुळतो, गीताचा स्वर तारांशी जुळतो, एक दुसऱ्यावर चढत नाही, असा त्याचा आशय आहे. साथसंगतीची याहून नेमकी व्याख्या आम्हाला संगीताच्या पाठ्यपुस्तकात आढळली नाही. सोण भिक्खूची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. भिक्खू होण्यापूर्वी तो वीणा वाजवीत असे. साधनेत अतिरेक केल्यामुळे तो खचला, तेव्हा तार फार ताणलेली किंवा फार सैल असेल तर वीणा वाजते काय, असे विचारून तथागतांनी त्याला वीर्याचे प्रमाण समजावले. ज्याला तार लावता येते त्यालाच हा दाखला आतून कळतो.

आक्षेपाचे दुसरे मूळ मात्र धम्मात नसून आपल्या इतिहासात आहे, आणि ते अधिक खोल आहे. गावगाड्यात वाजविणे हे काही जातींच्या माथी मारलेले काम होते. लग्न दुसऱ्याचे, मिरवणूक दुसऱ्याची, देऊळ दुसऱ्याचे. वाजविणारा मात्र देवळाबाहेर. म्हणूनच मेलेली ढोरे ओढणे जसे सोडले तसे डफडे वाजविणेही आपल्या अनेक गावांनी निश्चयाने सोडले. तो निर्णय योग्यच होता. वाद्य वाईट नव्हते, वाजविण्याची सक्ती वाईट होती. परंतु सक्ती टाकताना हातातील विद्याही पुष्कळ ठिकाणी टाकली गेली. गळ्यातले गाणे टिकले, कारण ते चळवळीने उचलून धरले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. पुढे फारशी शाळा न पाहिलेल्या वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) खेडोपाडी फिरून गीताला प्रबोधनाचे साधन केले. आमच्या विदर्भात दुय्यम कव्वालीचे सामने रात्र रात्र चालत. ही परंपरा मोठी आहे. पण ती शिकविण्याची शाळा आपण काढली नाही. मूल स्टेजच्या कडेला बसून ऐकते, कोरसमध्ये उभे राहते आणि एखाद्या दिवशी माईक हाती येतो, एवढीच शिक्षणाची रीत.

संगीत शाळेत आणि पुढे विद्यापीठात आले त्याची हकीगत आपल्याला अगदीच परकी नाही. ज्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, त्यांनीच १८८६ साली बडोद्यात मौलाबक्ष यांच्या हाती संगीतशाळा सोपविली होती. घराण्याच्या चार भिंतींतील विद्या वर्गात, फळ्यावर, स्वरलिपीत आणण्याचा तो आरंभीचा प्रयत्न. ती शाळा पुढे बडोद्याच्या विद्यापीठाचा भाग झाली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि १९२६ साली भातखंड्यांच्या प्रयत्नांतून लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. हे दोघेही महाराष्ट्रीय. या मंडळींच्या दृष्टीला मर्यादा होत्या. कोणते संगीत शुद्ध, कोणते सभ्य, याच्या त्यांच्या कल्पनांत डफ, हलगी, ढोलक बसत नव्हते. तरी फी भरून, परीक्षा देऊन कोणीही शिकू शकतो हे तत्त्व त्यांनी रुजविले, आणि त्या तत्त्वाचा फायदा जन्माने दाराबाहेर ठेवलेल्यांनाच सर्वांत अधिक आहे.

येथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आपल्याला सांगायला नको. त्याच दिवशी, नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यातच, खैरागड येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे उद्घाटन झाले. खैरागडच्या राजा-राणींनी आपल्या दिवंगत मुलीच्या आठवणीसाठी राजवाडा दिला आणि त्यात केवळ कला व संगीतासाठी वाहिलेले विद्यापीठ उभे राहिले. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर आरंभीच्या काळात तेथे कुलगुरू होते. पुढे तीन आठवड्यांच्या आतच राज्य पुनर्रचना झाली, वर्धा-नागपूर मुंबई राज्यात गेले आणि खैरागड पलीकडे राहिले. आज ते छत्तीसगडमध्ये आहे. अंतर मात्र फारसे नाही. वर्धा हावडा मार्गावरच आहे. प्रज्ञागिरीच्या बुद्धमूर्तीच्या दर्शनाला आपली माणसे डोंगरगडला जातात, तेथून खैरागड रस्त्याने साधारण तासाभरावर आहे. दर्शनाला जाणाऱ्यांपैकी किती जण हे विद्यापीठ पाहून आले असतील, हा आमचा कुतूहलाचा विषय आहे. तेथे गायन, सितार, व्हायोलिन, तबला यांबरोबर लोकसंगीताचाही विभाग आहे.

आता मूळ विषय. एकल गायनाचा अभ्यास म्हणजे काय? भीमगीत गाणाऱ्या मुलाजवळ शब्दफेक असते, लोकांना धरून ठेवण्याची हातोटी असते, आवाज मोकळा असतो. त्याच्याजवळ सहसा नसतो तो स्वतःचा ठरलेला सा. पेटीवाला ज्या पट्टीत सोयीचे पडते तेथून सुरू करतो आणि गाणारा मागे जातो. संगीताच्या वर्गात पहिली गोष्ट ठरते ती पट्टी. पुरुषांचा सा बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास. त्या सा वर तानपुरा लावायचा आणि महिनोन्‌महिने त्याच्याशी आवाज जुळवायचा. पेटीचे स्वर ठोकळ्यासारखे ठरलेले असतात. तानपुऱ्यावर गाताना स्वर आपला आपल्याला शोधावा लागतो. मोठ्या कार्यक्रमांतून सतत ओरडून गाणाऱ्यांचे आवाज तिशी-पस्तिशीतच फाटलेले आम्ही पाहिले आहेत. मंद्र सप्तकाचा रियाज, श्वास कोठे घ्यायचा, जोर कंठावर न देता आवाज कसा लावायचा, हे शिक्षण त्यांना वेळेवर मिळाले असते तर गळा आणखी वीस वर्षे चालला असता.

त्यानंतर राग. अभ्यासक्रमात नेमलेल्या रागांत बडा ख्याल आणि छोटा ख्याल तयार करावा लागतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा इतक्या संथ असतात की नवख्याला सम कधी येते तेच कळत नाही. ठरलेली चाल पाठ करून गाणे एक, आणि चार स्वरांच्या आधाराने आलाप वाढवीत जाऊन अचूक समेवर येणे वेगळे. यालाच मांडणी म्हणतात. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक समोर बसतात. हाताने ताल धरून ठाय, दुगुण, चौगुण म्हणायला लावतात, अभ्यासक्रमातला कोणताही राग विचारतात, दोन रागांतला फरक गाऊन दाखवायला सांगतात. शिवाय मंचप्रदर्शन असते, म्हणजे श्रोत्यांसमोर ठरावीक वेळ एकट्याने कार्यक्रम सादर करणे. लेखी पेपरात स्वरलिपी, तालशास्त्र, घराणी, संगीताचा इतिहास येतो. येथे आमची मुले मागे पडत नाहीत. ग्रंथवाचनाची सवय असलेल्या घरातील मुलांना हा भाग सोपा जातो, असा आमचा अनुभव आहे.

वादनाचेही तेच. आपला ढोलकवाला आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा रात्रभर न थकता वाजवितो. तबल्याच्या वर्गात त्याच्यापुढे सोळा मात्रांचा तीनताल येतो, आणि एकल वादन म्हणजे पेशकार, कायदे, रेले, गती, तुकडे, चक्रदार असा क्रम. एका कायद्याचे बोल उलटसुलट करून पलटे काढायचे आणि तिहाई घेऊन समेवर यायचे. हा हिशेब आहे, आणि हिशेबात पक्का असलेला मुलगा त्यात रमतो. गंमत अशी की या एकल वादनातही माणूस एकटा नसतो. पेटीवर कोणीतरी सोळा मात्रांचा लेहरा अर्धा-अर्धा तास जराही न हलविता वाजवीत असतो. लेहरेकरी सटकला की तबलेवाला बुडाला. आपल्याकडील शास्त्रीय संगीतात ‘एकल’ या शब्दाचा अर्थ नेता एक, एवढाच घ्यायचा.

समूहाचा विचार येथूनच सुरू होतो. हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण मुख्यतः एकल पद्धतीचे राहिले, समूहवादन त्यात उशिरा आले. सन्माननीय अपवाद मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचा. १९१७-१८च्या सुमारास साथीत आईबाप गेलेली मुले गोळा करून त्यांनी वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचे वाद्य बनविले आणि त्या अनाथ पोरांकडून रागदारी वाजवून घेतली. कोणाच्याही घरात पिढीजात विद्या नव्हती. १९५२ साली आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद स्थापन केला, त्याची धुरा याच खाँसाहेबांचे शिष्य रविशंकर यांच्याकडे होती. पाश्चात्त्य विद्यापीठांत मात्र समूहवादन हा शिक्षणाचा कायमचा भाग असतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे १८९६ सालापासून विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. अर्थशास्त्राचा किंवा विज्ञानाचा विद्यार्थीही परीक्षण देऊन त्यात वाजवू शकतो. तेथे एकट्याने वाजविण्याचे धडे वेगळे आणि तीन-चार जणांच्या लहान गटात वाजविण्याचे धडे वेगळे. गटात शिकायचे ते हे: आपला आवाज कमी कधी करायचा, दुसऱ्याच्या श्वासाबरोबर सुरुवात कशी करायची, चूक झाली तर न थांबता पुन्हा कोठे मिसळायचे.

हे वाचताना कव्वालीची पार्टी डोळ्यांपुढे आली असेल तर ते स्वाभाविक आहे. मुख्य गायक, झील धरणारे, पेटी, बेंजो, ढोलक आणि टाळीचा ठेका, प्रत्येकाचे काम ठरलेले. मुख्य गायक मुखडा अर्धा सोडतो तेव्हा कोरसने तो कोठे उचलायचा, शेर चालू असताना ढोलक कितपत दबून ठेवायची आणि मुखड्यावर कशी उघडायची, हे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण मुरलेल्या पार्टीत ते चुकत नाही. म्हणजे समूहसंगीताची मोठी शिदोरी आपल्याजवळ आधीच आहे. उणीव आहे ती तिचे भान असण्याची.

एक उदाहरण देतो. जयंतीला मुले-मुली मिळून समूहगीत म्हणतात तेव्हा मुलींचा आवाज ऐकूच येत नाही, अशी तक्रार नेहमी होते. दोष मुलींचा नसतो, पट्टीचा असतो. गीत मुलांच्या सोयीने काळी एकमध्ये धरले की मुली त्यांच्या आवाजाच्या तळाशी जातात. मुलींच्या सोयीने काळी चार धरली तर मुलांच्या गळ्याच्या शिरा ताणतात. वाट अशी आहे: काळी चार हा सा धरला तर त्याचा शुद्ध मध्यम काळी एकवर येतो. म्हणजे मुलींचा मध्यम हाच मुलांचा षड्ज. एक कडवे मुलींनी आपल्या सा मध्ये म्हणावे, दुसरे मुलांनी त्या मध्यमाला सा मानून म्हणावे, आणि एकत्र म्हणावयाच्या ओळी चालीतील मधल्या स्वरांत बांधाव्यात. हे ज्ञान अवघ्या दहा मिनिटांत सांगता येते, पण ते सांगणारा शिकलेला माणूस वस्तीत असावा लागतो.

विद्यापीठात समूहगायनाला हक्काची जागा मिळते ती युवक महोत्सवात. संगीत विषय नसलेला विद्यार्थीही त्यात भाग घेऊ शकतो. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाच्या नियमांप्रमाणे भारतीय समूहगीतात जास्तीत जास्त सहा गायक आणि तीन साथीदार असतात. दहा मिनिटांत दोन गीते म्हणायची, त्यांतले एक हिंदी, दुसरे प्रादेशिक भाषेतले, आणि चित्रपटगीत चालत नाही. शास्त्रीय गायन, तालवाद्य, स्वरवाद्य, सुगम गायन यांच्या एकल स्पर्धा वेगळ्या असतात, लोकवाद्यवृंदाचीही स्पर्धा असते. चित्रपटगीत नको, सहा आवाज हवेत आणि लोकवाद्ये हवीत, हे वर्णन आपल्या वस्तीतल्या कोणत्याही पथकाला लागू पडते. महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या आपल्या मुलांनी सूचनाफलकाकडे लक्ष ठेवावे.

वर्धा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतो. खंजिरीवर भजने गाऊन गावेच्या गावे जागविणाऱ्या माणसाचे नाव २००५ साली या विद्यापीठाला मिळाले, हे आम्हाला विशेष वाटते. त्याच्या कला शाखेत संगीत हा विषय घेता येतो आणि पुढे एम.ए. करता येते. नागपूरला जाणे-येणे रेल्वेने होऊ शकते, पण रियाजाची वेळ पहाटेची, म्हणून वसतिगृह मिळविलेले बरे. पुण्याच्या विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, तेथे गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य, नाट्य शिकवितात. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत शाहिरी आणि लोककलांचे शिक्षण मिळते. शाळेत असतानाच ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. बारावीपर्यंत मध्यमा झालेल्या मुलाला पदवीचे पहिले वर्ष जड जात नाही. मात्र विशारदला पदवीची बरोबरी सर्वच नोकऱ्यांत मिळते असे समजू नये. जाहिरातीत काय लिहिले आहे ते प्रत्येक वेळी वाचावे.

पोटापाण्याचे काय? आम्ही खोटी आशा दाखवीत नाही. मंचावर एकट्याच्या कार्यक्रमांवर घर चालविणारे थोडे. नोकरीचा खरा दरवाजा शिक्षकाचा. केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये संगीत शिक्षक नेमतात आणि संगीताची पदवी मागतात. अशा शाळा आपल्याच जिल्ह्यात पुलगावला आणि सेलूकाटे येथे आहेत. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए. नंतर नेट किंवा सेट. नेटसाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातींना ५० टक्के चालतात. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ पासून आहे. आकाशवाणी कलावंतांची श्रेणी स्वरचाचणीने ठरविते: बी, बी-हाय, ए आणि टॉप. ही श्रेणी असली की बाहेरच्या कार्यक्रमाचे मानधनही वाढते. आणि जो पदवीधर गावात राहून वर्ग चालवील त्याला विद्यार्थी मिळतात, हे वर्धा शहरातील खासगी वर्गांच्या गर्दीवरून दिसतेच.

कागदपत्रांबाबत एक सूचना अवश्य. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती संगीताच्या मान्य पदवी अभ्यासक्रमालाही लागू असते. विषय कलेचा आहे म्हणून ती नाकारली जात नाही. परराज्यात, उदाहरणार्थ खैरागडला, शिकावयास गेल्यास ही शिष्यवृत्ती आपल्या मूळ राज्याकडून मिळते. परंतु त्या राज्याच्या राखीव जागांवर महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्राने हक्क सांगता येत नाही, तेथे खुल्या जागेसाठीच तयारी करावी. १९९०च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. त्यासाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते, राज्याचे प्रमाणपत्र तेथे पुरत नाही. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना जातप्रमाणपत्र, वैधता आणि उत्पन्नाचा दाखला या तिन्हींची फाईल तहसील कार्यालयात फिरू लागलेली असावी. प्रवेशाच्या वेळी आवाजाची किंवा वादनाची चाचणी असते. तिच्यासाठी एक राग, त्यातील एक छोटा ख्याल आणि चार तालांचे ठेके हातावर पक्के असले म्हणजे सुरुवातीला पुरते.